विमान कोणाचे? मोटार कोणती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण. मैत्रिणींच्या आग्रहावरून लिहून काढले आहे.)



आजच्या भाषणाचा विषय कळवा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी "जुनी लढाऊ विमाने आणि जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी कशा ओळखाव्यात" असे कळवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन! "अहो, चुकून दुसऱ्या कुणाचा विषय आमच्याकडे आला का?" मी म्हटले, "नाही, विषय माझाच आहे." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "बरं, पण वीस मिनिटांच्या वर नको." तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवूनच बोलते.

या नादाला निमित्त झाले माझ्या नातीचे. ती अकरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात मुंबईला जुन्या मोटारींचे एक प्रदर्शन होते, तेथे ती मला घेऊन गेली. मी तिला नेले असे म्हणणार नाही, कारण रस्ता, वेळ, तिकीट सारे तिनेच पाहिले. एका दालनात जुन्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती आणि छायाचित्रेही मांडली होती. तिचा खेळ असा की, नावाची पाटी तळहाताने झाकायची आणि नुसत्या आकारावरून नाव सांगायचे. पंधरापैकी तिची अकरा बरोबर आली. माझी दोन. त्यांतली एक फियाट होती, म्हणजे ती धरायची की नाही हे तुम्हीच ठरवा.

परंतु ओळखण्याचा हा प्रश्न माझ्या घरात नातीच्या फार आधीपासूनचा आहे. तो माझ्या आईचा.

माझे आजोळ बदनापूरजवळच्या एका खेड्यातले. १९४८ साली आई चौदा वर्षांची होती. ते दिवस कसले होते हे येथल्या पुष्कळ घरांत ऐकलेले आहे. रझाकारांच्या भीतीने बायका रात्री शेतात निजत, दागिने चुलीमागे पुरलेले असत. त्या सप्टेंबरात एका सकाळी आभाळात घरघर सुरू झाली. सगळ्या बायकापोरी रिकाम्या पेवात उतरल्या. वर राहिली ती माझी पणजी. तिला गुडघ्यांमुळे उतरता येईना. खालून सगळ्या जणी ओरडून तिला एकच विचारीत होत्या, "आपलं हाय का त्यांचं?" पणजी आभाळाकडे बघून म्हणे, "मला काय ठावं? पंख हायेत."

हा प्रसंग आई हसत हसत सांगे, परंतु त्या दिवशी हसण्यासारखे काही नव्हते. आणि प्रश्नही खुळा नव्हता. त्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक निजामासाठी कराचीहून चोरून शस्त्रे आणत होता. त्याची मोठी लँकास्ट्रियन विमाने रात्रीच्या अंधारात हैदराबाद संस्थानात उतरत. तेव्हा आपल्या डोक्यावरून जाणारे विमान कोणाचे, यावर पेवात बसायचे की अंगणात येऊन हात हलवायचा हे ठरत होते. १३ सप्टेंबरला पोलिस कारवाई सुरू झाली, तेव्हा भारतीय हवाई दलाची जी लढाऊ विमाने तीत होती ती 'टेम्पेस्ट' जातीची. एका इंजिनाचे, एका वैमानिकाचे विमान. मोठ्या चार इंजिनांच्या लँकास्ट्रियनशी त्याचे काडीचेही साम्य नाही. हे माझ्या पणजीला कोणी आधी चित्र काढून दाखवले असते, तर तिने गुडघे धरूनसुद्धा खाली हाक मारली असती, "आपलं हाय, या वर!"

ओळखायचे कसे, ते आता सांगते. विमानाचा रंग पाहू नये, नाव तर मुळीच पाहू नये. आपली शेजारीण लांबून येताना दिसली तर आपण तिचे लुगडे पाहतो का? ती तर रोज निराळे नेसते. आपण चाल पाहतो, खांद्यांची ठेवण पाहतो. विमानाचेही तसेच. पंख कोठून निघतात, सरळ आहेत की मागे वळलेले, नाक गोल की टोकदार, शेपूट कशी, एवढे चार प्रश्न विचारले की पुष्कळ काम होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या दोन प्रसिद्ध लढाऊ विमानांची जोडी घ्या, हरिकेन आणि स्पिटफायर. हरिकेनचे पहिले उड्डाण १९३५ च्या नोव्हेंबरातले, स्पिटफायरचे १९३६ च्या मार्चमधले. दोघांना इंजिन एकच, रोल्स-रॉईसचे मर्लिन. म्हणून कानांवर विसंबून उपयोग नाही. डोळ्यांनी मात्र फरक स्वच्छ दिसतो. स्पिटफायरचा पंख वडाच्या पानासारखा, दोन्ही कडांनी गोलावत जाणारा. हरिकेनचा पंख जाड, कडा सरळ, आणि पाठीला थोडे पोक. जवळून पाहिले तर हरिकेनच्या मागच्या अंगावर कापड ताणून बसवलेले असते आणि खालच्या पट्ट्या बरगड्यांसारख्या दिसतात. जमिनीवर उभी असतील तर पाय पाहा. स्पिटफायर पाय जवळ घेऊन उभी राहते, हरिकेन ऐसपैस.

हे सारे छंद म्हणून ठीक आहे, असे वाटेल. पण ६ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडने युद्ध पुकारल्याला तीन दिवस झाले असताना, इंग्रजांच्याच स्पिटफायर विमानांनी इंग्रजांचीच दोन हरिकेन शत्रूची समजून पाडली. एक तरुण वैमानिक आपल्याच माणसांच्या गोळीने गेला. पुढे ब्रह्मदेशात दुसरीच अडचण आली. इंग्रजी विमानांवरच्या गोल खुणेत मध्यभागी लाल ठिपका असे, आणि जपानी विमानांवर तर लाल गोळाच असे. शेवटी पूर्वेकडच्या आघाडीवर तो लाल ठिपका पुसूनच टाकला.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मला स्वतःला फार दिवस माहीत नव्हती. इंग्रजांच्या हवाई दलातल्या एका स्पिटफायर तुकडीचे नाव 'हैदराबाद' होते! क्रमांक १५२. सातव्या निजामाने, म्हणजे उस्मान अलीखानाने, दिलेल्या देणगीवरून हे नाव पडले. तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण, आणि खाली ब्रीद 'विश्वासू दोस्त' अशा अर्थाचे. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर या तुकडीने जर्मनांशी झुंज दिली. पुढे ती ब्रह्मदेशात आली, तेव्हा तिच्या विमानांच्या अंगावर झेप घेणारा काळा बिबळ्या रंगवलेला असे. हरिकेन विमानांचीही एक 'हैदराबाद' तुकडी होती, क्रमांक २५३.

याच्याही आधी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली निजामाच्या पैशाने ११० क्रमांकाची तुकडी सजली होती. ती विमाने लढाऊ नव्हेत, बॉम्ब टाकणारी. 'डी एच ९ ए' असे त्यांचे नाव. प्रत्येकावर निजामाची भेट म्हणून अक्षरे रंगवलेली. त्यांतले एक ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. तेथून बर्लिनच्या संग्रहालयात, नंतर पोलंडमधल्या क्राकोला, असा प्रवास करीत ते १९७७ साली लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे परत आले. आणि परत घेताना इंग्रजांनी पोलंडला बदल्यात काय दिले? एक स्पिटफायर. आमच्याकडे जुनी पैठणी देऊन भांडी घेतात, त्यातलाच प्रकार.

माझी नात त्या विमानाचे छायाचित्र पाहून म्हणाली, "आजी, यावर हैदराबाद लिहिलंय, म्हणजे हे आपलं?" मला चटकन उत्तर देता येईना. संस्थानच्या तिजोरीत माझ्या पणजोबांच्या शेताचा सारा जात होता, हे खरे. देणगी देताना त्यांना कोणी विचारले नाही, हेही खरे. आणि तीसच वर्षांनी त्या निजामाविरुद्ध आलेल्या टेम्पेस्टवर आमच्या गावाचे नाव नव्हते, तरी पेवातून वर येऊन बायकांनी ज्याला हात हलवला असता ते तेच. मी नातीला एवढेच म्हटले, "पाटीवरून ओळखू नये असा तुझाच नियम आहे ना?"

आणखी एक सांगायचे राहिले. तो शस्त्रे आणणारा सिडनी कॉटन, त्यानेच महायुद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरमध्ये कॅमेरे बसवून शत्रूच्या मुलुखाची छायाचित्रे घेण्याची पद्धत इंग्रजांना घालून दिली होती. माणूस ओळखणे हे विमान ओळखण्याहून अवघड, दुसरे काय!

आपल्या देशातली विमाने पाहावयाची तर दिल्लीला पालमचे हवाई दलाचे संग्रहालय उत्तम. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट तिन्ही तेथे आहेत. इतके लांब जायचे नसेल तर गोव्याला जाणाऱ्या भगिनींनी समुद्रावरचा एक तास कमी करावा आणि दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय पाहावे. तेथे 'सी हॉक' आहे. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' जहाजावरून उडून चितगाव आणि कॉक्सबाजारवर हल्ले केले ते हेच विमान. हवाई दलाचे 'हंटर' हे त्याचे धाकटे भावंड. दोघांनाही हवा आत घेण्याची तोंडे पंखांच्या मुळाशी आहेत, म्हणून फसायला होते. पण सी हॉकचे पंख सरळ आणि हंटरचे मागे वळलेले. तसेच 'नॅट'. हे एवढेसे, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे सात मीटर. १९६५ साली याने पाकिस्तानच्या सेबर विमानांना दाती तृण धरायला लावले.

आणि 'मिग २१'? ते तर आपल्या शेजारचे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते बनत असे. नाकाशी गोल तोंड, त्या तोंडात अणकुचीदार शंकू, आणि पंख त्रिकोणी समोशासारखे. एवढी खूण ध्यानात ठेवली तर कोणत्याही चौकात चौथऱ्यावर उभे केलेले मिग २१ तुम्हाला ओळखता येईल. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला हवाई दलाने निरोप दिला. बासष्ट वर्षांची नोकरी झाली. मात्र चौथऱ्यावरच्या पाटीवर फार विश्वास ठेवू नये. एका गावी, नाव सांगत नाही, मी मागे वळलेल्या पंखांच्या हंटरखाली "मिग" असे लिहिलेले पाहिले आहे. रखवालदाराला सांगितले तर तो म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत कोणाची तक्रार नाही."

आता मोटारींकडे वळते. पण मध्ये एक बाई उभ्या आहेत, त्यांना ओलांडून जाता येत नाही. त्यांचे नाव बिअॅट्रिस शिलिंग. इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स म्हणून मोटारशर्यतीचा रस्ता १९०७ साली बांधला होता, आणि त्याच आवारात पुढे हरिकेन विमाने जुळवली जात. म्हणजे मोटार आणि विमान एकाच अंगणात वाढले. त्या रस्त्यावर १९३४ साली या शिलिंगबाईंनी मोटारसायकलवरून ताशी १०६ मैलांच्या वेगाने फेरी मारून सुवर्णतारा मिळवला. शिक्षणाने त्या इंजिनिअर, नोकरी सरकारी विमान-संशोधन संस्थेत.

युद्धात असे घडू लागले की, स्पिटफायर किंवा हरिकेनने एकदम नाक खाली घातले की इंजिन खोकून बंद पडे. कार्बुरेटरातले पेट्रोल उसळून वर जाई, इंजिन आधी उपाशी राही, आणि लगेच मागोमाग पेट्रोलचा लोंढा येऊन गुदमरे. जर्मन मेसरश्मिटला ही अडचण नव्हती, कारण त्यात पेट्रोल पंपाने नेमके सोडले जाई. तो बेलाशक खाली सूर मारून निसटे. शिलिंगबाईंनी १९४१ मध्ये काय केले? पेट्रोलच्या वाटेत बसेल अशी धातूची एक लहानशी टोपी, तिला मधोमध मोजून भोक. इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल जावे, लोंढा येऊ नये. आपल्यापैकी ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना हे चटकन कळेल. निपलचे भोक नेमके असेल तर ज्योत निळी, मोठे झाले तर भडका आणि काजळी. पिन घेऊन स्टोव्हपुढे बसलेल्या बाईला जे ज्ञान असते, त्याच जातीचे हे ज्ञान. ही टोपी बसवण्यासाठी विमान खोलून ठेवावे लागत नसे. बाई आपली माणसे घेऊन एकामागून एक तळांवर गेल्या आणि टोप्या बसवून आल्या. युद्ध संपल्यावर त्या नवऱ्याबरोबर मोटारींच्या शर्यतींत उतरल्या.

मोटारींत माझी गती कमी, तरी दोनचार खुणा सांगते. 'एम जी टी सी' ही युद्ध संपताच निघालेली दोन आसनांची गाडी. रेडिएटर ताठ उभा, चाकांना सायकलीसारख्या तारा, दारे कोपर बाहेर काढता यावे म्हणून कमरेशी कापलेली, वाऱ्याची काच पुढे आडवी पाडता येते, आणि जादा चाक पाठीशी टांगलेले. १९४८ ची 'जॅग्वार एक्स के १२०' हिच्या अगदी उलट. सारे अंग एका ओघात, कोठे कोपरा म्हणून नाही. १२० हा आकडा ताशी मैलांचा. १९६१ ची 'जॅग्वार ई टाईप' तर पाहताक्षणी विमानाची आठवण करून देते, आणि ते साहजिक आहे. तिचा आकार आखणारे माल्कम सेयर आधी ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात होते. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातली निजामाची पिवळी रोल्स-रॉईस मात्र या यादीत धरू नये. ती १९१२ ची आहे, देखणी आहे, पण तिचा धर्म मिरवण्याचा, धावण्याचा नव्हे.

एम जीच्या बिल्ल्याबद्दलही सावध करते. अष्टकोनात 'एम जी' ही अक्षरे हल्ली आपल्या जालना रोडवर दर पाच मिनिटांनी दिसतात. त्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात, आणि नाव आज चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. गाड्या वाईट असे मी म्हणत नाही, आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. पण जुन्या टी सीशी त्यांचे नाते बिल्ल्यापुरतेच.

आता माझ्या फजितीची गोष्ट. त्या मुंबईच्या प्रदर्शनात मी नातीच्या खेळाला कंटाळून पुढे गेले, तर एका बुटक्या लाल मोटारीपुढे पाटी, 'स्पिटफायर'. माझे पित्त खवळले. मी तेथल्या तरुणाला चांगले सुनावले. स्पिटफायर हे विमान आहे, पाट्यांची अदलाबदल झाली आहे, मुले येथे शिकायला येतात, वगैरे. चार माणसे जमली. तरुण सभ्य होता. त्याने "मावशी, जरा इकडे उभ्या राहा" म्हणून एक खटका सोडला आणि गाडीचा सगळा पुढचा भाग, मडगार्डांसकट, मगरीच्या जबड्यासारखा पुढे उलटला.

आणि मला माझ्या मामांची हेरल्ड आठवली! १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनी ती गाडी बनवीत असे. मामांच्या हेरल्डचे तोंड असेच पुढे उलटायचे, आणि आम्ही पोरे टायरवर चढून आत डोकवायचो. तो तरुण म्हणाला, "बरोबर ओळखलंत. विलायतेतल्या ट्रायम्फ कंपनीच्या हेरल्डवरूनच ही ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ साली काढली. विमानाचंच नाव दिलंय हिला." म्हणजे पाटी बरोबर होती, आणि मी चुकले होते. नातीने तो दिवस घरी येईपर्यंत मला पुरवला. तिच्या वहीत माझ्या नावापुढे त्या दिवशी अडीच गुण आहेत. अर्धा हेरल्डचा.

आई गेल्याला बरीच वर्षे झाली. ती असताना एकदा मी पालमच्या टेम्पेस्टचे छायाचित्र तिच्यापुढे ठेवले. गोल नाक, पुढे मोठा पंखा, पंख जवळजवळ स्पिटफायरसारखे गोलावलेले. "हेच का ग ते?" तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले, उलटे धरून पाहिले. मग म्हणाली, "मी तर पेवात होते. मला काय दिसणार? आवाज ऐकव, मग सांगते." तो आवाज मला कोठून आणता येणार होता!

वेळ संपत आली, चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी नातीने बारा चित्रे लावली आहेत, सात विमाने आणि पाच मोटारी. खाली नावे आहेत, पण त्यांवर कागद चिकटवला आहे. कृपा करून तो नखाने उचलू नये. उत्तरे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावीत. एक चित्र हेरल्डचे आहे, एवढे मी फोडून सांगते, कारण कोणाच्या ना कोणाच्या मामांकडे ती असणारच.